कुंडलिकेच्या काठी पहिला मुक्काम

पहिल्या खेपेला आम्ही तंबू वाळूवर लावला. रायगड जिल्ह्यातल्या कोलाडच्या वरच्या अंगाला, कुंडलिका नदीच्या अगदी कडेला, पाण्यापासून दहा पावलांवर. संध्याकाळी नदी इतकी गरीब दिसत होती की पोरं दगडांवरून उड्या मारत पलीकडे जाऊन आली. सकाळी मी चहाचं आधण ठेवत होतो आणि बायको म्हणाली, "अरे, आपला टोप कुठं चाललाय?" रात्री भिजत घातलेला खिचडीचा टोप गोल गोल फिरत निघाला होता. आभाळात ढगाचा पत्ता नाही आणि पाणी चढतंय. बघता बघता वाळू गेली. तंबू आम्ही आतल्या पांघरुणांसकट उचलला आणि तसाच चढावर ओढला. टोप, एक चप्पल आणि एक खुंटी नदीला गेली.

वरच्या शेतात एक आजोबा हे सगळं शांतपणे बघत होते. म्हणाले, "पानी सुटतंय ना रोज. कुनाला इचारलं नाय का?"

कुणालाच विचारलं नव्हतं. त्यानंतर बऱ्याच वेळा त्या काठावर राहून आलो. आता कुणी नवखं "कोलाडला तंबू टाकायचाय, काय काय घ्यावं लागेल?" असं विचारतं तेव्हा मी सामानाची यादी देत नाही, आधी पाण्याचं सांगतो.

पाणी कुठून येतं ते आधी समजून घ्या

कुंडलिका सह्याद्रीत उगम पावते, भिरा, कोलाड, रोहा करत रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. पण हिवाळ्यात तुम्हाला दिसतं ते पाणी बरंचसं घाटावरचं असतं. मुळा नदीवर मुळशीचं धरण आहे. ते पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजकेंद्रावर सोडतात. टाटांचं हे केंद्र १९२७ साली सुरू झालं. मुळेचं पाणी खरं म्हणजे भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं, ते इथं डोंगर उतरून अरबी समुद्राला जातं. याच धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव त्यातूनच मिळालं. म्हणजे ज्या पाण्यात आपण पाय सोडून बसतो, त्याच्यासाठी वर मावळातली गावं बुडाली आहेत. हे माहीत असलं की पाणी जरा वेगळं दिसतं.

तंबूपुरता याचा अर्थ एवढाच, की नदी वीजकेंद्राच्या वेळेवर चालते. वीज बनली की पाणी सुटतं, रवाळज्याच्या बंधाऱ्याखालून ते नदीत येतं आणि खाली पोचायला थोडा वेळ घेतं. कोलाडचं राफ्टिंग बाराही महिने चालतं ते याच जिवावर. साधारण सकाळी पाणी येतं आणि राफ्टवाले त्याच्याबरोबर निघतात. पण विजेची मागणी काही आपल्याला विचारून वाढत नाही. काल आठला आलं म्हणून आज आठलाच येईल असं धरून चालू नका. गावात रोज विचारा, राफ्टवाल्यांना विचारा, आणि कुणी काहीही सांगितलं तरी तंबू मात्र वरच लावा.

कधी आणि कसं यायचं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नाही, म्हणजे नाहीच. ताम्हिणीच्या पट्ट्यात पाऊस कोसळतो तेव्हा नदीचं रूप बघायलासुद्धा लांब उभं राहावं. मार्चपासून ऊन हाताबाहेर जातं. भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, त्यावरून काय ते समजा. अशा दिवसांत तंबू म्हणजे भट्टी.

मुंबईहून गोवा महामार्गानं कोलाड सुमारे १२० किलोमीटर. महामार्गाबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही त्यावरून गेला असाल तर तुम्हाला माहीत आहे. गाडी नसेल तर दिव्याहून रोह्यापर्यंत मेमू आणि पुढं एसटी किंवा रिक्षा. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट, विळे आणि मग कोलाड. हा रस्ता मला जास्त आवडतो, कारण वर धरणाचं पाणी दिसतं आणि दोन-अडीच तासांनी तेच पाणी खाली भेटतं. कुठूनही या, पण चार वाजेपर्यंत जागेवर पोचा. अंधारात जागा निवडणारा माणूस वाळूच निवडतो.

मुक्काम कोलाडच्या वर, भिऱ्याच्या बाजूला शोधा. खाली रोह्याकडे धाटावची एमआयडीसी लागते, रासायनिक कारखाने आहेत. तिकडे तंबूचा विचार नको.

जागा कुणाची?

नदीकाठची मोकळी जागा मोकळी दिसते, पण ती कुणाची तरी असते. शेतकऱ्याची, गुरचरणाची, नाहीतर वन खात्याची. जंगलात परवानगीशिवाय तंबू टाकायचा नाही. नवख्यांनी सरळ एखाद्या शेतकऱ्यानं राखलेल्या साध्या जागी जावं. अशा जागा आता काठानं बऱ्याच आहेत. साधी म्हणजे किती साधी? एक नळ किंवा पिंप, सिमेंटचे दोन संडास, आंब्याला टांगलेला एक बल्ब, आणि घरून येणारं जेवण. गरम पाणी चुलीवरचं. चार्जिंगला एक बोर्ड, तोही ओटीवर.

फोन करताना लाजू नका, स्पष्ट विचारा. तंबू तुमचा की आमचा? जेवण धरून किती, न धरून किती? संडास किती लांब? गाडी कुठं लावायची? रात्री शेजारी कोण असणार? शेवटचा प्रश्न मी एका महागड्या रात्रीनंतर शिकलो. शेजारच्या टोळीनं पहाटे तीनपर्यंत स्पीकर लावला होता आणि जागामालक घरी जाऊन झोपला होता. कुटुंब घेऊन येत असाल तर "दारू-डीजे चालतो का?" असंच विचारा. उत्तर द्यायला समोरच्याला लागलेला वेळ हेच उत्तर.

आगाऊ ठरवलं नसेल आणि शेत बघूनच जागा आवडली, तर घर शोधा, ओटीवर जा. "काका, रात्रीपुरता तंबू टाकला तर चालेल का? सकाळी साफ करून देतो." बहुतेक वेळा आधी पाणी विचारतात, मग गाव विचारतात, मग जागा दाखवतात. ती जागा तुम्हाला पसंत पडलेल्या जागेपेक्षा वेगळी असेल. गुपचूप त्यांचीच घ्या.

काठ वाचायला शिका

तंबू उघडण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं फिरा. दगड बघा. खालचे दगड तपकिरी, बुळबुळीत असतात आणि एका रेषेच्या वर कोरडे, पांढरट. ती रोजच्या पाण्याची रेघ. अजून वर निर्गुडीच्या फांद्यांत अडकलेलं गवत, प्लास्टिकच्या पिशव्या, एखादी फाटकी गोणी दिसेल. ती पुराची रेघ. हिवाळ्यात पुराच्या रेघेच्याही वर जाता आलं तर उत्तम. नाहीतर रोजच्या रेघेपासून निदान दीड पुरुष उंची तरी हवी. आडवं अंतर फसवं असतं, चढच मोजायचा. नदीच्या मधल्या बेटावर कितीही छान सपाटी असली तरी जायचं नाही. पाणी वाढलं की आधी मागची वाट बंद होते, बेट नंतर बुडतं.

दुसरी गोष्ट, वाट. मऊ मातीत खुरांचे ठसे आणि ओलं शेण दिसलं तर ती गुरांची पाण्यावर जायची वाट. पहाटे म्हशी तिथूनच येणार, तुमच्या ताणदोऱ्यांवरून. बायका जिथं धुणं धुतात त्या दगडांसमोरही तंबू लावू नये. त्यांची सकाळची जागा आहे ती, तिथं आपण डोळे चोळत उभं राहायचं नसतं.

तिसरी, वर बघा. वाळकी फांदी डोक्यावर नको. आणि उंच झाडाला आग्या मोहोळ लोंबत असेल तर तिथून लांब जा, त्याच्याखाली धूर तर अजिबात नको.

तंबू लावताना

दुकानात 'दोन माणसांचा' म्हणून मिळतो तो दीड माणसाचा असतो. दोघांना तिघांचा घ्या. आणि घरी एकदा लावून बघा, गच्चीवर नाहीतर हॉलमध्ये. पहिल्यांदा पिशवी उघडायची ती नदीकाठी नव्हे.

आधी जमीन हातानं झाडा. चेंडूएवढा दगड सहज दिसतो, सुपारीएवढा रात्री पाठीला सापडतो. मग ताडपत्री अंथरा आणि तिच्या कडा तंबूच्या खाली दुमडून घ्या. कड बाहेर राहिली तर तंबूवरून ओघळलेलं दव तिच्यावर साचतं आणि तुमच्याच खाली येतं. दार नदीकडे केलं तर फोटो चांगला येतो, पण वारा कुठून येतो ते बघून ठरवा. जमीन थोडी उतरती असेल तर डोकं चढाकडे.

खुंट्या तिरक्या ठोकायच्या, डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं. शेतातल्या मातीत त्या धरतात. गोटे असतील तिथं खुंटी धरत नाही, मग दोरी मोठ्या दगडाला गुंडाळा. गाठ सुरगाठ मारा. निरगाठ मारलीत तर पहाटे दवानं फुगलेली ती गाठ सुटता सुटणार नाही आणि मग कोयता शोधावा लागेल.

आता दवाचं. नवख्यांना कोकणातल्या हिवाळ्यात थंडीची धास्ती असते, त्रास देतं ते दव. रात्री दहाला तंबूला हात लावा, ओला लागेल. पहाटे तर पाऊस पडून गेल्यासारखं ठिबकत असतं. वरचं कापड लावायचंच, चांदण्या कितीही दिसत असल्या तरी. आणि खिडकीची चेन चार बोटं उघडी ठेवायची. सगळं घट्ट बंद केलंत तर तुमचाच श्वास आतून थेंब होऊन तुमच्यावर पडतो. बूट, टॉवेल, कपडे, काहीही रात्री बाहेर वाळत ठेवू नका.

अंथरायचं जास्त, पांघरायचं कमी. खाली जमीन अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून घरातली जाड गोधडी खाली जाते आणि हलकं ब्लँकेट वर. महागडी झोपायची पिशवी नसली तरी काही अडत नाही. कानटोपी मात्र आणा.

बाकी सामान थोडक्यात. माणशी दोन बॅटऱ्या (एक डोक्याला लावायची), जास्तीचे सेल, माणशी दिवसाला तीन-चार लिटर पिण्याचं पाणी किंवा उकळायची सोय, ओडोमॉस, मीठ, सुतळी, सुरी, जुनी वर्तमानपत्रं, कचऱ्याला दोन जाड पिशव्या, आणि नेहमीची औषधं. नदीचं पाणी स्वच्छ दिसलं तरी तसंच पिऊ नका, वर गुरं डुंबत असतात. खळखळून उकळलं की चालतं. पायाला जखम असेल तर नदीत उतरूच नका.

संध्याकाळ

उजेड असेपर्यंत पाणी आणा, संडासची वाट बॅटरीशिवाय एकदा चालून बघा, आणि पोरांना सांगा की अंधार पडल्यावर नदीकडे कुणी जायचं नाही. पोहायचं असेल तर दिवसा, जागामालक दाखवेल त्याच ठिकाणी, आणि लाइफ जॅकेट घालून. वरून संथ दिसणाऱ्या डोहाचा तळ कुणाला दिसत नाही आणि पाणी सुटलं की ओढ एकदम वाढते. दुसऱ्या नदीवर गेलात तर तिथलं वेगळं विचारा. महाडच्या सावित्रीत मगरी आहेत, तिथं पाय सोडून बसायची हौस आवरावी.

संडास नसेल तर पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, वीतभर खोल खड्डा, आणि वरून माती. टिश्यू, पॅड, डायपर खड्ड्यात टाकायचे नाहीत, पिशवीत घालून परत न्यायचे. भांडी नदीत घासायची नाहीत. बादलीत पाणी आणून काठापासून लांब, राखेनं. आमच्या टोपाची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच.

शेकोटी जुन्या राखेच्या जागीच करा. आणि तीन दगडांची चूल मांडताना नदीतले दगड उचलू नका. त्यांच्या फटींत पाणी मुरलेलं असतं, तापलं की वाफ होते आणि दगड फुटतो. माझ्यासमोर एक फुटला आहे. सुतळी बॉम्बसारखा आवाज, आणि भातात कपच्या. दगड शेताच्या बांधावरचे घ्या.

जानेवारी-फेब्रुवारीत आलात तर खिचडी-मॅगी विसरा आणि पोपटी लावा. रायगडच्या या भागातली ही हिवाळ्याची मेजवानी. मालकांना आधी सांगून ठेवलं तर मडकं आणि भांबुर्ड्याचा पाला तेच आणतात. भांबुर्डा शेताच्या कडेला उगवतो, हातात चुरला की उग्र वास येतो. मडक्याच्या तळाला तो पाला जाड थर करून घालायचा. त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. मग बटाटे, रताळी, अंडी, मसाला चोळलेलं चिकन केळीच्या पानात बांधून, परत शेंगा. तोंडाशी पाला असा कोंबायचा की मडकं उलटं केलं तरी काही पडणार नाही, कारण ते उलटंच ठेवायचं आहे. आत पाण्याचा थेंब नाही. भोवती पेंढा, काटक्या, वाळकं लाकूड रचून पेटवायचं. अर्धा-पाऊण तास. झालं की नाही हे बघायला मडक्यावर पाण्याचा शिपका मारतात. थेंब चर्र करून लगेच उडाला की काढायचं. जागामालक काकांनी पहिल्यांदा मला शिपका मारायला दिला तेव्हा मी घाबरून निम्मं पाणी विस्तवावर ओतलं. शेंगा अर्ध्या कच्च्या राहिल्या, आणि एवढ्याशा कारणावरून मी आजही तिथं ओळखला जातो.

रात्र

विस्तव पाण्यानं विझवा, काठीनं ढवळा, परत पाणी घाला, आणि हात जवळ नेऊन बघा. उरलेलं अन्न तंबूत नको, त्याला मुंग्या आणि कुत्री येतात. डब्यात बंद करून गाडीत किंवा ओटीवर ठेवा.

साप-विंचवाची भीती प्रत्येक जण मनात घेऊन येतो, म्हणून मोकळं बोलू. तंबूची चेन नेहमी, दिवसासुद्धा, बंद ठेवली की बरंचसं काम झालं. रात्री फिरणारी मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश दुखतही नाही, त्यामुळे उघड्यावर सतरंजी टाकून झोपायचं नाही. बाहेर जाताना बूट आणि बॅटरी. बूट घालण्याआधी उलटे करून झटका. लाकडाच्या ढिगात उघडा हात घालू नका, फुरसं आणि विंचू तिथंच असतात. कोकणातला तांबडा विंचू जिवावर बेततो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून असे कितीतरी रुग्ण वाचवले, पण ते डॉक्टरकडे वेळेत पोचले म्हणून. काही चावलंच तर माणसाला स्वस्थ ठेवा, कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, मांत्रिक नको. १०८ ला फोन, नाहीतर गाडीत घालून रोहा किंवा माणगावचं सरकारी रुग्णालय. खोऱ्यात रेंज जाते-येते, म्हणून कुठल्या कोपऱ्यात मोबाइल लागतो हे संध्याकाळीच बघून ठेवा आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवा.

एवढं वाचून घाबरायचं कारण नाही. एवढ्या रात्रींत मला चावले ते डास.

सकाळ

सहाला उठा. धुकं नदीवर बसलेलं असतं, पाण्यातले दगड एकेक करून दिसायला लागतात. चहा घेऊन वरच बसा आणि खाली पाण्याच्या कडेचा एक दगड मनात धरून ठेवा. पाणी सुटलं की आधी आवाज बदलतो, खळखळ जाऊन घुमल्यासारखा होतो. मग तो दगड लहान होतो. मग नसतोच. पहिल्या खेपेला मी हे भोगलं होतं, आता मुद्दाम बघायला बसतो.

तंबू ऊन लागेपर्यंत आवरू नका. दव सुकायला नऊ-दहा वाजतात, तोवर पोरांना राफ्टिंगला पाठवा. निघायची घाई असेल तर ओलाच गुंडाळा, पण घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी गॅलरीत पसरा. दोन दिवस पिशवीत राहिला तर बुरशीचा वास कायमचा. खुंट्या मोजून पिशवीत टाका. कचरा तुमचा तुम्ही न्या, आणि तिथं आधीपासून पडलेल्या दोन बाटल्याही. पैसे काकांच्या हातात द्या, आणि पोपटीचं मडकं धुवून ओटीवर पालथं घालून ठेवा.